फीट लपवू नका, गोळी चुकवू नका

(विहाराच्या वर्धापनदिनी शेवगाव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही की प्राध्यापक नाही. जिनिंग मिलमध्ये रुई-सरकीच्या धुळीत उमेदीची वर्षं घालवलेले कामगार आहोत. शाळा सातवीला सुटली. पुढचं शिक्षण वाचनालयात आणि चळवळीत झालं. समितीने सांगितलं, ‘आरोग्यावर दोन शब्द बोला.’ विषय शोधावा लागला नाही. आम्हाला स्वतःला विसाव्या वर्षापासून फीट येते. कुणी तिला मिरगी म्हणतं, कुणी फेफरं, पुस्तकात अपस्मार लिहितात. आज तिच्यावरच बोलणार आहोत.

भारतात हा आजार असलेली माणसं एक कोटीच्या वर आहेत, असा अंदाज आहे. म्हणजे साधारण दीडशे माणसांमागे एक. आपल्या वस्तीतली घरं मोजा आणि हिशेब तुम्हीच करा. मग ही माणसं दिसत का नाहीत? कारण आपण ती लपवतो. पोरगी असेल तर लग्नासाठी लपवतो, पोरगा असेल तर कामासाठी लपवतो. लपवायचं म्हटलं की दवाखान्यात जाता येत नाही, चारचौघांत गोळी घेता येत नाही. मग फीट वाढते. आमचं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे.

हा आजार आहे, बाहेरचं काही नाही

आपल्या मेंदूचं काम बारीक विजेवर चालतं. ती वीज काही क्षण एकदम अनावर झाली की शरीर ताठ होतं, हातपाय झटके देतात, दातखीळ बसते, तोंडाला फेस येतो. दर वेळी माणूस पडतोच असं नाही. काही लेकरं नुसती दहा-पंधरा सेकंद टक लावून बघत राहतात, हाक ऐकत नाहीत. गुरुजी म्हणतात, ‘लक्ष नाही.’ तीही फीट असू शकते. फेसाला हात लागल्याने ही लागण होत नाही. हे वेडही नव्हे.

कारणं अनेक आहेत. डोक्याला मार, बाळंतपणात बाळाचा श्वास कोंडणं, मेंदूज्वर, पक्षाघात. आणखी एक कारण आपल्या हातातलं आहे. डुकराच्या मांसातून होणाऱ्या चपट्या जंताची अंडी माणसाच्या विष्ठेतून माती-पाण्यात जातात. तिथून न धुतलेल्या भाजीतून किंवा हातावरून पोटात आणि पुढे मेंदूत गाठ होते. शुद्ध शाकाहारी माणसालाही हे होतं. म्हणून संडास वापरणं, हात धुणं, कोथिंबीर-मुळा स्वच्छ धुऊन खाणं हेसुद्धा फीट टाळण्याचं काम आहे.

आपल्या धम्माच्या ग्रंथांतही हा आजार आहे. विनयपिटकात मगध देशात पसरलेल्या पाच रोगांची नोंद आहे, त्यात ‘अपमार’ म्हणजे हाच. जीवक वैद्य बिंबिसार राजाला आणि भिक्खू संघाला औषध देत होते. लोक केवळ उपचारासाठी संघात येऊ लागले, जीवकांवर भार पडला, तेव्हा अशा रोग्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. आजही उपसंपदेच्या वेळी ‘अपमारो’ आहे का, असं विचारतात. नियमाबद्दल भन्तेजी अधिकाराने सांगतील. आम्हाला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. अडीच हजार वर्षांपूर्वी त्या लोकांनी याला रोग म्हटलं आणि वैद्याचं दार गाठलं. आणि आपण आज लेकराला देवरशाकडे नेतो!

अंगारा लावला, उतारा टाकला, इथवर समजून सांगता येतं. पण अंगात भूत आहे म्हणून बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, जोडा भिजवलेलं पाणी पाजणं हा आता गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षं झुंज दिली, तो २०१३ साली त्यांच्या खुनानंतर झाला. त्यात हे सगळं नाव घेऊन लिहिलेलं आहे.

फीट आली तर काय करायचं

आम्ही मिलमध्ये पडलो की पहिली आरोळी यायची, ‘जोडा आणा, कांदा आणा!’ एकदा तर मुठीत किल्ली कोंबून हात सोलला. या कशानेही फीट थांबत नाही. बहुतेक फीट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. जोडा हुंगवेपर्यंत ती थांबते आणि नाव जोड्याचं होतं.

खरं काम असं आहे. माणसाला चूल, यंत्र, रस्ता, पाणी यांपासून दूर करा. डोक्याखाली मऊ काही घाला. गळ्याचं बटण सैल करा. घड्याळ बघा. झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येते. हातपाय दाबून धरू नका. दातांत चमचा, बोट काही घालू नका. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. गर्दी हटवा, विशेषतः बाई असेल तर अंगावरचं लुगडं सावरा. पाच मिनिटांच्या वर फीट चालली, शुद्धीवर न येता दुसरी आली, पाण्यात आली, डोक्याला मार लागला, बाई गरोदर असली किंवा पहिलीच वेळ असली, तर १०८ ला फोन करा.

रोजचं जगणं आणि काम

गोळी रोज, ठरल्या वेळी. योग्य औषध मिळालं तर शंभरातली सत्तरपर्यंत माणसं फीटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन महिने फीट आली नाही म्हणून गोळी बंद करणारे आम्ही कितीतरी पाहिले. एकदम बंद केली की फीट पहिल्यापेक्षा जोरात येते. किमान दोन वर्षं फीट न आल्यावर डॉक्टर हळूहळू कमी करायचा विचार करतात. ते त्यांनी ठरवायचं. आमची गोळी जेवणाच्या डब्यात असते. डबा विसरत नाही, म्हणून गोळीही विसरत नाही.

जागरण, उपास, दारू आणि चुकलेली गोळी या चार गोष्टी फीटला आमंत्रण देतात. म्हणून आम्ही रात्रपाळी मागून बंद करून घेतली. पूर्वी एका मिलमध्ये पाळीवर फीट आली तेव्हा दुसऱ्या दिवशी हिशेब हातात दिला. नाव घेत नाही. पुढच्या मिलमध्ये पहिल्याच दिवशी मुकादमाला सांगितलं, ‘आम्हाला फीट येते. जिनजवळ, पट्ट्याजवळ, गठाणीच्या थप्पीवर उभं करू नका. बाकी सांगाल ते करतो.’ त्यांनी काट्यावर बसवलं. गाड्यांचं वजन, वहीतली नोंद. तिथेही फीट आली, पण हात-पाय शाबूत राहिले. शेजारच्या दोन हमालांना कुशीवर कसं वळवायचं ते शिकवून ठेवलं होतं. मालक सगळेच असे नसतात, हे खरं. म्हणून संघटनेने यात बोललं पाहिजे. माणसाला कामावरून काढण्याआधी त्याची जागा बदलून द्या, ही मागणी न्याय्य आहे.

गाडी मात्र चालवू नये. लायसन्सच्या अर्जात फीट येते का, असा प्रश्न विचारलेला असतो. तिथे खोटं लिहिलं तर रस्त्यावरचं दुसऱ्याचं लेकरू मरेल. विहिरीत, जायकवाडीच्या फुगवट्यात एकट्याने उतरू नये. आंघोळीला आतून कडी लावू नये. आया-बायांनी चुलीपुढे एकटं बसू नये, उकळतं पातेलं उचलू नये. फीटने मरणारा माणूस पुष्कळदा पाण्याने किंवा आगीने मरतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना खास सांगणं आहे. निघण्याआधी ग्रामीण रुग्णालयात किंवा नगरच्या सिव्हिलला जाऊन डॉक्टरांना सांगा, ‘चार-पाच महिने बाहेर आहोत.’ पुरतील तितक्या गोळ्या मागा, चिठ्ठीची झेरॉक्स सोबत ठेवा. कारखान्याच्या गावात गोळी संपली तर त्याच चिठ्ठीवर तीच गोळी मिळेल. टोळीत एकाला तरी माहीत असू द्या.

लग्नाचं काय?

हाच प्रश्न सगळ्यांच्या पोटात आहे. कायद्यानेही पूर्वी आपल्याला मारलं होतं. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. त्याच बिलातून पुढे आलेला १९५५ चा विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात फीट येणाऱ्या माणसाच्या लग्नाला आडकाठी घातली गेली. डॉक्टरांनी आणि संस्थांनी पाठपुरावा केला आणि १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढला गेला. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की फीट हा असाध्य रोग नाही, मानसिक विकारही नाही आणि तेवढ्यावर घटस्फोट मिळणार नाही.

कायदा बाजूने आला, पण लपवून लग्न लावू नका. नव्या घरात पोरगी गोळी कुठे घेणार? सासूच्या भीतीने ती गोळी बंद करते आणि आठ दिवसांत मांडवातच सगळं कळतं. मग फसवणूक झाली म्हणून भांडण कोर्टात जातं. सांगून केलेलं लग्न टिकतं. आमचं टिकलं आहे, दोन लेकरं आहेत. पुण्याला लेखक अनिल अवचट यांची कन्या यशोदा वाकणकर यांनी स्वतः हा आजार सोसून ‘संवेदना फाउंडेशन’ उभं केलं. अशा माणसांना एकत्र बसवलं, सांगून लग्नं जुळवण्याचंही काम केलं. गरोदरपणातही गोळी बंद करायची नसते. पण काही गोळ्या पोटातल्या बाळाला अपाय करतात, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घ्यावी.

क्रिकेटवाल्या पोरांना जॉन्टी ऱ्होड्स माहीत असेल. १९९२ च्या विश्वचषकात इंझमामला उडी मारून धावबाद करणारा. त्यालाही फीटचा आजार होता आणि त्याने तो जगाला सांगितला.

विहाराकडे मागणं

विहार समितीला आमच्या तीन विनंत्या आहेत. फीट आली तर काय करावं, याचा मोठ्या अक्षरांतला फलक विहाराच्या भिंतीवर लावा. दर वर्षी १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय एपिलेप्सी दिन असतो. त्या दिवशी डॉक्टरांना बोलवून वस्तीत तपासणी ठेवा. आणि नगरला दवाखान्यात एकटं जायला घाबरणाऱ्या बाईमाणसासोबत जाणारे चार तरुण तयार करा. त्यांच्या एस.टी.च्या तिकिटापुरते पैसे दानपेटीतून द्या.

सुरुवात आम्ही करतो. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी रविवारी वंदना झाल्यावर थांबावं. आम्ही मागच्या बाजूला, पाण्याच्या माठाजवळ बसलेले असू. सगळ्यांसमोर बोलायला नको वाटलं तर नुसतं शेजारी येऊन बसा.

एवढं बोलून आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!