‘चक्कर’ म्हणजे नेमके काय?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळात दिलेले व्याख्यान)



पन्नास वर्षांपूर्वी बंगळूरात ज्यांनी या मंडळाची उभारणी केली, त्यांपैकी काहीजण आज पुढच्या रांगेत बसले आहेत. त्यांचा गुणगौरव इतर वक्ते करतीलच. आम्ही वैद्यक व्यवसायातले. तेव्हा त्यांच्या पावलांविषयी बोलतो.

उतारवयात तोल जाऊ लागला की आपण तो वयाच्या खाती मांडून मोकळे होतो. ज्येष्ठ मंडळीही न्हाणीघरात पाय घसरल्याचे सांगत नाहीत. सांगितले तर एकट्याने बाहेर जाणे बंद होईल, ही धास्ती. मग खुब्याचे हाड मोडल्यावरच घरादाराला कळते. वास्तविक तोल जाण्यास बहुधा कारण असते, आणि पुष्कळदा त्यावर उपायही असतो.

डोळे, अंतःकर्ण आणि तळपायांची संवेदना या तिघांकडून येणारी वार्ता मेंदू जुळवतो व स्नायूंना आज्ञा देतो. यांतील कोणता दुवा कच्चा आहे, हे शोधणे म्हणजेच तपासणी.

तिचे पहिले साधन म्हणजे रुग्णाचा शब्द. परप्रांतात अडचण येते ती नेमकी येथेच. आई मराठीत सांगते, मुलगा ते डॉक्टरांना इंग्रजीत वा कन्नडमध्ये सांगतो, आणि वाटेत सारे ‘चक्कर’ या एका शब्दात गडप होते. आपल्या भाषेने मात्र भेद जपले आहेत. कुशीवर वळताना ‘खोली गरगर फिरते’, असे कोणी म्हटले की अंतःकर्णातील सूक्ष्म कण जागचे हलल्याची शंका येते. डोके विशिष्ट रीतीने फिरवून हा विकार अनेकदा एकदोन बैठकांत बरा होतो. ‘उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते’, म्हटल्यास रक्तदाब आधी निजवून व मग उभे राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत मोजावा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर चालू औषधांचा फेरविचार हवा. ‘डोके ठीक आहे, पण अंधारात झोक जातो’, असे असेल तर पायांच्या नसा, मधुमेह आणि बी-12 जीवनसत्त्व यांकडे पाहावे लागते.

दुसरे साधन म्हणजे चाल. पॉडसिअ‍ॅडलो व रिचर्डसन यांनी 1991 साली मांडलेल्या चाचणीस एक खुर्ची व घड्याळ पुरते. खुर्चीतून उठावे, नेहमीच्या गतीने 3 मीटर चालावे, वळून परत येऊन बसावे. 12 सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका मानतात. त्यानंतर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभे करावे. 10 सेकंद तोल टिकला नाही, तर तीही धोक्याची खूण. दोन्ही वेळी जवळ कोणीतरी सावरायला असावेच.

मेंदू व नसांच्या विकारांसाठी 1974 मध्ये स्थापन झालेली निमहॅन्स ही संस्था याच शहरात आहे. तोल एकाएकी गेला, बोलणे अडखळले किंवा चेहरा वाकडा झाला, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

आमची विनंती एवढीच: घरी गेल्यावर आजीला ‘चक्कर येते का?’ असे विचारू नका. ‘काय होते, आणि केव्हा होते?’ असे विचारा. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत कागदावर उतरवा, औषधांची यादी जोडा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. पन्नास वर्षे आपण येथे मराठी जपली. ती आपल्या वडीलधाऱ्यांना सावरण्याच्याही उपयोगी पडो.