आवाज येतो, शब्द कळत नाही



मन्मथस्वामींच्या कपिलधारला आज आपण सगळे इतक्या वर्षांनी भेटलो. सकाळी धबधब्याजवळ उभे होतो तेव्हाचं आठवा. समोरच्याचे ओठ हलत होते, आवाजही येत होता, पण शब्द कळत नव्हता. आपण नुसते हसून मान हलवत होतो.

आपल्या वर्गातला एक मुलगा सातवीपर्यंत अशीच मान हलवत शेवटच्या बाकावर बसला. मैदानात जवळ जाऊन बोललं की त्याला समजायचं, वर्गात समजायचं नाही. आपण त्याला 'ढ' म्हणायचो. त्यात मीही होतो. त्याने शाळा सोडली. पुढे मी कर्णबधिर मुलांचा शिक्षक झालो, तेव्हा कुठे मला कळलं, की तो ढ नव्हता, त्याला ऐकू कमी येत होतं.

श्रवणयंत्र लावलं की झालं, असं पालकांना वाटतं. पण यंत्र सरांच्या आवाजाबरोबर पंख्याचा, बाक सरकल्याचा आणि पत्र्यावरच्या पावसाचा आवाजही वाढवतं. उघड्या भिंती आणि फरशीवर आदळून आवाज घुमतो. एक शब्द विरायच्या आत दुसरा त्यावर पडतो. अशा मुलासाठी शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबलने वरचढ असावा, असं तज्ज्ञ सांगतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, यांपैकी पसंतीच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. काही मुलं सांकेतिक भाषेच्या विशेष शाळेतच फुलतात, काही गावच्या शाळेत. पण नुसतं हजेरीपटावर नाव आलं म्हणजे मूल वर्गात आलं असं नाही.

आज आपण शाळेसाठी निधी गोळा करतोय. माझी एवढीच विनंती, की रंगरंगोटीआधी एका खोलीला पत्र्याखाली छत, खिडक्यांना जाड पडदे, भिंतीला मऊ फलक आणि बाकांच्या पायांना रबर लावू. गुरुजनांनीही फळ्याकडे तोंड करून बोलू नये. कमी ऐकणाऱ्याला पुढे, सरांचा चेहरा दिसेल असं बसवावं.

आपला तो मित्र आज इथे नाही. त्याला शोधून पुढच्या मेळाव्याला आणायची जबाबदारी मी घेतो. त्याची माफी मागायची राहिली आहे.