गेलेला ओठ

श्रोतेहो, एक प्रयोग करा. ओठ एकमेकांना न लावता ‘बापू’ म्हणून पाहा. नाही ना जमत? प, फ, ब, भ, म यांना वैयाकरणांनी ओष्ठ्य वर्ण म्हटले ते उगाच नव्हे. पाण्याचा घोट तोंडात राहतो, तोही ओठांच्याच बळावर.

आमच्या गावाकडचे एक काका तंबाखूची चिमूट खालच्या ओठात धरीत. तिथे फोड आला, चिघळला. ‘उष्णता असेल’ म्हणत त्यांनी वर्ष काढले. निघाला कर्करोग. निम्मा ओठ कापावा लागला. मग लाळ गळे, म्हणून काका पंगतीला बसेनात. नातवाला ‘बापू’ अशी हाकही मारता येईना.

अशा माणसाला ओठ पुन्हा घडवून देता येतो. ही विद्या आपल्याला परकी नाही. सुश्रुतसंहितेत कान-नाक सांधण्याबरोबर ओठाचाही विधी सांगितला आहे. पुण्याकडे कपाळाच्या कातडीतून नाक घडवल्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली, तेव्हा तिकडचे शल्यवैद्यही चकित झाले.

आता रीत ऐका. तिसऱ्या हिश्शापर्यंत ओठ गेला असेल, तर उरलेल्या कडा जवळ आणून बहुधा शिवता येतात. अधिक गेला, तर समोरच्या ओठाचा तुकडा वळवून बसवतात. न्यूयॉर्कच्या डॉ. रॉबर्ट ॲबी यांनी १८९८ साली वर्णिलेली ही रीत आजही त्यांच्या नावाने चालते. तुकडा एकदम तोडत नाहीत. रक्तवाहिनीचा देठ राखतात. आंब्याचे भेटकलम आठवा! सांधा जुळल्यावरच आपण फांदी मूळ झाडापासून सोडवतो. इथेही दोन-तीन आठवड्यांनी देठ कापतात. तोवर ओठ एकमेकांना जोडलेले, म्हणून आहार पातळ. सगळाच ओठ गेला, तर गालाचा भाग सरकवतात, किंवा हाताची कातडी आणून तिच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात.

नवा ओठ हुबेहूब जुन्यासारखा होत नाही. तोंड थोडे लहान होते, स्पर्शाची जाण सावकाश येते. पण काका आता पंगतीला बसतात, आणि ‘बापू’ ही हाक अंगणापर्यंत ऐकू येते.

तेव्हा दोनच गोष्टी सांगतो. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. वर्ष काढू नका. आणि गुरुजनहो, ओठाला व्यंग असलेले मूल वर्गात असेल, तर त्याला मागे बसवू नका. त्याचा ‘प’ नीट उमटेपर्यंत थांबा.