घर हीच शाळा होते तेव्हा



गोदाकाठच्या या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आम्ही विद्वान नाही. ज्यांना पूर्वी मतिमंद म्हणत आणि आज बौद्धिक दिव्यांग म्हणतात, अशा एका मुलीचे आम्ही आईबाप आहोत. ती सतरा वर्षांची आहे. तिला फिट येते, गलका सोसत नाही. एका शाळेने ‘आमच्याकडे हिचे निभणार नाही’ असे सांगितले. तेव्हापासून घर हीच तिची शाळा झाली.

कायदा आमच्या बाजूने आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि तीव्र वा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. विशेष शिक्षकाने घरी येऊन शिकवण्याचीही सरकारी योजनेत सोय आहे. पण शिक्षक पायात चपला घालून निघाला, की उरलेला आठवडा घराचाच असतो.

या शाळेत पाठ कसले, तर सदऱ्याचे बटण लावण्याचे. आपण ते न पाहता लावतो. तिच्यासाठी त्याचे तुकडे करावे लागले, आणि शेवटचा तुकडा आधी शिकवावा लागला. बटण काजातून अर्धे आम्ही काढून द्यायचे, तिने नुसते ओढायचे. म्हणजे काम पुरे झाल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून तिचा. असे मागे मागे सरकत संपूर्ण बटण तिच्या हाती यायला सात महिने लागले.

खरी अडचण मात्र बटणाची नव्हती. हिच्या आईने नोकरी सोडली, थोरला मुलगा एकदा म्हणाला, “माझा अभ्यास कधी घेणार?” तेही आम्ही सोसले. पण एका रात्री आईने मुलीच्या कपाळावरून सहज हात फिरवला आणि मुलगी दचकली. तिला वाटले, पाठ सुरू झाला! त्या रात्री आम्हाला कळले की घरात शाळा आली, पण तिची आई हरवली.

उपाय सापडला तो शेजारी. शेजारच्या आजी वाटाणे सोलायला बसत. मुलगी त्यांच्याकडे जाऊ लागली. दहा शेंगा मोजून वाटीत टाकणे आमच्याकडे जे जमेना, ते तिथे जमले. आजींना शिकवायची घाई नव्हती, हेच त्याचे कारण असावे. त्या एका तासात हिची आई नुसती बसून चहा पिते. मुलगी परत येते तेव्हा तिला घरी मास्तरीण भेटत नाही, आई भेटते.

याच गावात रजनीताई लिमये या शिक्षिकेने, स्वतःच्या मुलामुळे हे दुःख जाणून, १९७७ साली प्रबोधिनीची शाळा काढली. एका घरातले दुःख त्यांनी चार भिंतींत कोंडून ठेवले नाही, हा त्यांचा मोठेपणा. प्रत्येकाच्या हातून शाळा निघणार नाही. पण ज्यांचे मूल शाळेत जाऊच शकत नाही, त्या घराचे दार बाहेरून कोणीतरी वाजवायला हवे.

‘आमच्या मागे हिचे कसे?’ हा प्रश्न आम्हाला रोज पडतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांनंतर तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येईल. पण कागदावर पालक नेमला, तरी तिला ओळखणारी माणसे काही कागदावर नेमता येत नाहीत. ती आजच जोडावी लागतात.

म्हणून आपणाजवळ आमचे एकच मागणे आहे. आपल्या आळीत असे घर असेल तर तिथे आठवड्यातून एक तास जा. सहानुभूतीचे शब्द नकोत; वाटाणे घेऊन जा. त्या तासात एक मूल काहीतरी शिकेल, आणि एक आई तासभर नुसती आई राहील.