गोळीचे काम आणि ताटाचे काम



आपल्या गळ्यात, कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. दवाखान्यात मात्र सगळे थायरॉईडच म्हणतात, म्हणून आपणही तेच नाव घेऊ. या ग्रंथीचा रस शरीराच्या चुलीला फुंकर घालतो. रस कमी पडला की चूल मंदावते. मग अंगात आळस भरतो, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, केस गळतात, पाळी बिघडते आणि वजन वाढते. पुरुषांपेक्षा बायकांत हा विकार पुष्कळ अधिक आढळतो.

पेणची असो वा रोह्याची, वजन वाढलेली बाई डॉक्टरांकडून आली की म्हणते, "मला थायरॉईड आहे, आता मी काही बारीक होत नाही." कोणी वैतागून गोळीच सोडते, कोणी जेवणच टाकते. दोन्ही वाटा आडरानात नेणाऱ्या आहेत. कशा, ते पाहू.

रस कमी पडल्यामुळे वाढणारे वजन बहुधा २ ते ५ किलोच असते, आणि त्यातही अंगात साठलेले पाणी व मीठ यांचाच भाग मोठा असतो. गोळी योग्य मात्रेत लागू पडली की हे वजन हळूहळू उतरते. त्याहून अधिक जे वाढलेले असते, ते बहुतेक ताटातून आलेले असते, आणि ते ताटातूनच कमी करावे लागते. म्हणजे गोळीचे काम वेगळे आणि ताटाचे काम वेगळे. एकाचे काम दुसऱ्याला सांगून चालत नाही.

आधी गोळीचे पाहू. १८९१ साली इंग्लंडात जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क देऊन एका बाईचा हा विकार आटोक्यात आणला, आणि ती बाई पुढे २८ वर्षे जगली. आज मेंढीची गरज नाही. तोच रस लहानशा गोळीत मिळतो. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. रक्तवाढीची लोहाची गोळी किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल, तर दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे. नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून घ्यावे. आणि लवकर बारीक व्हावे म्हणून आपल्या मनाने दोन-दोन गोळ्या मुळीच घेऊ नयेत. त्याने छाती धडधडते आणि पुढे हाडेही ठिसूळ होतात. दिवस राहिले आहेत असे कळताच त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगावे, कारण त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते. पोटातल्या बाळाचा मेंदू आईच्या याच रसावर घडत असतो. तेव्हा गोळी बंद करणे तर नकोच.

आता ताटाकडे या. आपल्याकडे सकाळी पोहे, दुपारी भात, रात्री तांदळाची भाकरी आणि पुन्हा थोडा भात. तोंडी लावायला पेणचा पोह्याचा पापड. नीट पाहिले तर हा एकच तांदूळ चार वेष घेऊन येतो! भात सोडून भाकरी धरली म्हणजे पथ्य झाले असे कोणी समजू नये. भाकरी ही भाताचीच सख्खी बहीण. पूर्वी एवढा तांदूळ लावणी, कापणी, झोडणी आणि पायी बाजार यांत जिरून जात असे. आज कारखान्यात गणपती रंगवताना दिवसभर एका जागी बैठक असते, आणि बाजाराला जायचे तर दाराशी रिक्षा.

म्हणून तांदूळ सोडू नका, त्याची जागा आखून द्या. ताटाचा अर्धा भाग भाजीला, पाव भाग वालाचे बिरडे, डाळ, अंडे किंवा मासळी यांना, आणि उरलेला पाव भात किंवा भाकरीला. मासळी कालवणात असावी, तळलेली क्वचित. पापड भाजून, तोही एक. कोबी-फ्लॉवर शिजवून बेताने खाल्ला तर त्याला भिण्याचे कारण नाही.

चहाचा हिशेब मुलांकडून करून घ्या. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, चमच्यात ५ ग्रॅम धरले तर रोजची साखर ४० ग्रॅम झाली. महिन्याला सव्वा किलोच्या जवळपास! उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स खाऊन वजन उतरत नाही. आणि रोज अर्धा तास झपाझप चाला. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी पुष्कळ झाले.

मिठाविषयी एक गोष्ट सांगतो. खाडीकाठच्या मिठागरांची आपल्याला ओळख आहे, म्हणून समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच असे वाटते. पण समुद्राच्या कच्च्या मिठात ते अगदी नाममात्र असते. आपल्या देशात गलगंड रोखण्याची सरकारी मोहीम १९६२ साली सुरू झाली, आणि २००६ पासून आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आहे. घरात आयोडीनयुक्त मीठच आणा आणि झाकणाच्या बरणीत ठेवा. मात्र गोळी चालू असलेल्या बाईने आयोडीन म्हणून जास्त मीठ खाऊ नये. त्याने थायरॉईड सुधारत नाही, रक्तदाब मात्र वाढतो.

शिक्षकमित्रांनो, वर्गातले एखादे मूल उंचीने मागे राहिले असेल, सदा पेंगत असेल, शिकलेले विसरत असेल, तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी त्याच्या आईबापांना बोलावून थायरॉईडची तपासणी करायला सांगा. कारण दरवेळी हेच निघेल असे नाही; पण निघाले तर एका गोळीने त्या मुलाचे आयुष्य मार्गी लागते.

आणि घरातल्या मंडळींनो, जिला हा विकार आहे तिला "खाऊन-खाऊन सुजली" असे बोलू नका. तिची सकाळची गोळी आणि तिचे ताट यांची आठवण ठेवा. घरादाराला वाढून झाल्यावर उरलासुरला भात आपल्या पानात ओढून घेण्याची बायकांची जुनी सवय आहे. तेवढी जरी सुटली, तरी अर्धे पथ्य पाळल्यासारखे होईल.