नव्व्याण्णव प्रतींचं संगीत



१९६४ साली लंडनमध्ये मायकेल गॅरिक या तरुण पियानोवादकाने आपल्या त्रिकुटाची एक दहा इंची तबकडी काढली. तिचं नाव 'मूनस्केप'. प्रती काढल्या ९९. त्या काळी ब्रिटनमध्ये शंभरच्या आत प्रती काढल्या तर खरेदीकर भरावा लागत नसे, म्हणून खिसा रिकामा असलेली मंडळी ९९ वर थांबत. पुढे चाळीसेक वर्षांनी 'ट्रंक' या लंडनमधल्या छोट्या कंपनीने ही तबकडी पुन्हा बाजारात आणली. मधल्या काळात मात्र हे संगीत ऐकायचं असेल तर त्या ९९ पैकी एखादी गाठण्यावाचून इलाज नव्हता. त्यातल्याही काही फुटल्या असतील, काही रद्दीत गेल्या असतील.

आज मी बोलणार आहे ते अशाच तबकड्यांविषयी: साधारण १९४८ पासून १९७० पर्यंत ब्रिटनमध्ये वाजलेल्या मॉडर्न जॅझच्या ध्वनिमुद्रणांविषयी, आणि ती जपणाऱ्या लोकांविषयी.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी ही मंडळी बीबॉप वाजवत होती. प्रचंड गती, अवघड स्वरसंगती, आणि वादकाने क्षणोक्षणी नवं काही रचत जायचं. हे नाचण्याचं संगीत राहिलं नव्हतं. आपल्याकडे खासगी बैठकीत गवयासमोर कान देऊन बसतात, तसं ते बसून ऐकायचं होतं. पण लंडनच्या वादकांना ते ऐकायला मिळणार कसं? वादकांची संघटना आणि कामगार खातं यांच्या धोरणामुळे १९३५ पासून जवळपास वीस वर्षं अमेरिकन वादकांना ब्रिटनमध्ये कार्यक्रम करणं अशक्यप्राय होतं. मग लंडनच्या तरुण वादकांनी अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवासी जहाजांवरच्या बँडमध्ये नोकऱ्या धरल्या. जहाज न्यूयॉर्कला लागलं की ही मुलं बावन्नाव्या रस्त्यावरच्या क्लबांकडे धाव घेत आणि ऐकलेलं मनात साठवून परत येत. त्यांच्यातल्या काहींनी १९४८ च्या डिसेंबरमध्ये सोहो भागात 'क्लब इलेव्हन' सुरू केला. रॉनी स्कॉट आणि जॉन डँकवर्थ हे त्यातले दोन म्होरके. याच रॉनी स्कॉटने १९५९ मध्ये जेरार्ड स्ट्रीटवर स्वतःचा क्लब काढला. तो पुढे फ्रिथ स्ट्रीटवर गेला आणि आजही चालू आहे.

या मुलांचं वादन पहिल्यांदा टिपलं ते 'एस्क्वायर' या छोट्या कंपनीने. सुरुवातीच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या. ती लाख बहुतांशी आपल्याकडच्या, छोटा नागपूर भागातल्या जंगलांतून जायची. लाखेची तबकडी हातातून निसटली की तिचे तुकडेच उचलावे लागतात, त्यामुळे या पहिल्या पर्वातलं फार थोडं धड उरलं आहे.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'टेम्पो' हे नाव पुढे येतं. मालकी डेका या बड्या कंपनीची, पण कलावंत निवडायचे टोनी हॉल. टबी हेज हा सॅक्सोफोनवादक त्यांच्यामुळे नीट ध्वनिमुद्रित झाला. टबी हेज १९३५ मध्ये जन्मला आणि १९७३ मध्ये अडतिसाव्या वर्षी गेला. रॉनी स्कॉटबरोबर त्याने चालवलेला 'जॅझ कुरिअर्स' हा गट जेमतेम अडीच वर्षं टिकला. ते दोन टेनर सॅक्सोफोन एकमेकांच्या अंगावर धावून येतात आणि तरी एकमेकांना धक्का लागू देत नाहीत. टेम्पोच्या तबकड्या त्या वेळी फारशा खपल्या नाहीत, आणि आज त्यांची किंमत शेकडो पौंडांत जाते ती नेमकी त्यामुळेच. जे तेव्हा कुणी विकत घेतलं नाही, तेच आज दुर्मीळ झालं आहे.

तिसरं नाव मला जास्त जवळचं: हॉलंड पार्कमधला लॅन्सडाउन स्टुडिओ आणि त्याचे निर्माते डेनिस प्रेस्टन. प्रेस्टन स्वतःच्या जबाबदारीवर ध्वनिमुद्रण करत आणि तयार टेप मोठ्या कंपनीला देत. तबकडी निघायची कोलंबियाच्या नावावर, ईएमआयच्या कारखान्यातून. स्टॅन ट्रेसीचं 'अंडर मिल्क वुड', डॉन रेंडेल आणि इयन कार यांच्या गटाची 'शेड्स ऑफ ब्लू' आणि 'डस्क फायर' ही १९६४-६६ ची ध्वनिमुद्रणं प्रेस्टन यांच्यामुळे झाली. त्यांच्याच आश्रयाला होता जो हॅरियट. हा जमैकाचा, किंग्स्टनच्या अनाथाश्रमातल्या शाळेत वाद्य शिकलेला, १९५१ मध्ये ब्रिटनला आला. १९६० मध्ये त्याने 'फ्री फॉर्म' केलं. ठरलेली स्वरसंगती नाही, ठरलेला ताल नाही. पाच वादक एकमेकांना ऐकत ऐकत रचना उभी करतात, मध्येच सगळे थांबतात, आणि ती शांतताही वादनाचा भाग होते. त्याच्या 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट'ला अमेरिकेच्या 'डाउन बीट' मासिकाने पाचपैकी पाच तारे दिले. ब्रिटनमध्ये मात्र हा माणूस शेवटी कफल्लक अवस्थेत, १९७३ च्या जानेवारीत वारला.

इथे आपला धागा येतो. १९६६ मध्ये हॅरियटने कोलकात्याचे जॉन मेयर यांच्याबरोबर 'इंडो-जॅझ सूट' काढलं: पाच वादक जॅझचे, पाच भारतीय बाजूचे. त्यात तबल्यावर होते मुंबईचे केशव साठे. पुढच्याच वर्षी ते जर्मनीत 'जॅझ मीट्स इंडिया'साठीही वाजले. जॅझचे ढोल आणि झांजा मोठ्या आवाजाच्या. त्यात तबला बुडून जाण्याची भीती होती. तो बुडाला नाही. आणखी एक नाव अमान्सिओ डिसिल्व्हा. मूळ गोव्याचे, जन्म मुंबईचा, गिटार हातात. १९६७ च्या सुमारास ते लंडनला गेले आणि १९६९ मध्ये हॅरियटबरोबर त्यांनी 'हम दोनो' ही तबकडी केली. तिच्यात 'बॅलड फॉर गोवा' नावाची एक रचना आहे. गिटारचे सूर सतारीसारखी मींड घेत येतात आणि त्यांच्या बाजूला हॅरियटचा आल्टो सॅक्सोफोन, आतून भरून आल्यासारखा. मुंबई-गोव्याच्या संगीतावर बोलताना ही तबकडी आपण का विसरतो, हे मला कळत नाही. डिसिल्व्हांचं 'कोकण डान्स' तर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित होऊनही तेव्हा बाहेर आलंच नाही. ते ऐकायला मिळालं या शतकात.

जुनी तबकडी हातात आली की संग्राहक आधी काय बघतो? कव्हर नव्हे, लेबलही नव्हे. शेवटची खाच संपते तिथून लेबलपर्यंत एक गुळगुळीत पट्टा असतो. दिव्याखाली तबकडी तिरकी धरली की त्या पट्ट्यात बारीक अक्षरं दिसतात. ती कुठून आली हे समजायला तबकडी कशी बनते ते पाहावं लागेल. आधी लॅकरच्या मऊ थरावर खाच कोरतात. त्यावरून धातूचा उलटा ठसा घेतात, त्या ठशावरून 'मदर', आणि मदरवरून प्रत्यक्ष दाबायचे साचे. ईएमआयच्या तबकडीवर लेबलच्या डाव्या बाजूला, घड्याळात नऊ असतात तिथे, मदरचा क्रमांक असतो. उजवीकडे, तीनच्या जागी, साच्याचा क्रमांक, पण तो आकड्यात नव्हे, अक्षरांत. ग्रामोफोन लिमिटेड या नावातून दहा अक्षरं घेतलेली: जी म्हणजे एक, आर म्हणजे दोन, ए म्हणजे तीन, असं करत डी म्हणजे शून्य. डावीकडे एक आणि उजवीकडे नुसता जी दिसला, तर ही पहिल्या मदरच्या पहिल्या साच्यातून निघालेली प्रत. काही लेबलांवर खरेदीकराची दोन अक्षरंही उमटवलेली असतात. कराचे दर बदलत गेले तशी ती बदलली, म्हणून त्यांच्यावरून सालाचा अंदाज बांधता येतो.

हा छंद गोड आहे, पण त्याची एक बाजू मला खटकते. माइक टेलर नावाच्या पियानोवादकाच्या हयातीत दोनच तबकड्या निघाल्या, 'पेंड्युलम' आणि 'ट्रिओ'. १९६९ च्या जानेवारीत त्याचा मृतदेह थेम्सच्या मुखाशी सापडला. वय अवघं तीस. 'पेंड्युलम'ची मूळ प्रत आज हजार पौंडांच्या वर जाते. ती विकत घेऊन, वाजवली तर झिजेल या धास्तीने कपाटात कुलूपबंद ठेवणारे लोक आहेत. त्यांच्यापाशी वस्तू आहे, संगीत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. याच टेलरच्या चौकडीचा १९६५ चा एक कार्यक्रम टेपवर टिपला गेला होता. 'जॅझ इन ब्रिटन' या ना-नफा संस्थेने २०२१ मध्ये तो 'मंडला' या नावाने काढला, आणि दोन तबकड्यांच्या माणसाची तिसरी तबकडी झाली. संग्रह म्हणतात तो याला.

खरं तर त्या काळातलं बरंचसं उत्तम वादन तबकडीवर आलंच नाही. ते क्लबात वाजलं, रेडिओवर वाजलं. बीबीसी १९४७ पासून 'जॅझ क्लब' हा कार्यक्रम करत होती. दूरदर्शनवर १९६४ पासून 'जॅझ ६२५' आला. पण टेप महाग होती, एकदा वापरलेली टेप पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती, आणि कितीतरी कार्यक्रम असे पुसले गेले. जे वाचलं, त्यातलं बरंच घरी बसून रेडिओसमोर टेपरेकॉर्डर लावणाऱ्या श्रोत्यांमुळे आणि स्वतःचे कार्यक्रम टिपून ठेवणाऱ्या वादकांमुळे वाचलं. मोठ्या कंपन्यांच्या गोदामांतही नवल घडतं. टबी हेजने १९६९ मध्ये फोंटाना कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणं तशीच पडून राहिली होती. 'ग्रिट्स, बीन्स अँड ग्रीन्स' या नावाने ती बाहेर आली २०१९ मध्ये, पन्नास वर्षांनी.

आता जपण्याविषयी. लाखेची तबकडी कधीही अल्कोहोलने पुसू नये, लाख विरघळते. विनाइल धुवायला शुद्ध पाणी आणि किंचित सौम्य साबण पुरतो. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचल्या की त्या वाकतात. सुई तबकडीनुसार बदलावी लागते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला सुमारे ७५ मायक्रॉनचं टोक लागतं, मोनो एलपीला २५, स्टिरिओला त्याहून बारीक. जाड खाचेत बारीक सुई घातली तर ती तळाशी घसटत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते.

टेपचं दुखणं वेगळं. जुन्या टेपची अ‍ॅसिटेटची पट्टी कुजायला लागली की डब्यातून व्हिनेगरचा वास येतो. तो वास आला तर ती टेप बाकीच्यांपासून ताबडतोब बाजूला काढायची, कारण ती वाफ शेजारच्या टेपनाही बाधते. जोड दिलेल्या ठिकाणचा गोंद वाळतो आणि टेप वाजता वाजता तुटते. म्हणून जाणकार आधी टेप हाताने तपासतो, जोड नव्याने लावतो, मगच यंत्रावर चढवतो. घरगुती यंत्राची गती बहुधा थोडी चुकलेली असते. ती ओळखायची एक सुंदर युक्ती आहे. ब्रिटनमधल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची. टेपवर मागे ती गुणगुण ऐकू येत असेल तर ती मोजायची. ५२ भरली तर टेप जरुरीपेक्षा वेगाने फिरते आहे, आणि टबी हेजच्या ज्या गतीने आपण थक्क होतो त्यातली थोडी यंत्राची आहे.

मग डिजिटल प्रत. अभिलेखागारांचा दंडक २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ असा आहे, आणि पहिली प्रत कुठलीही सफाई न करता ठेवायची. सफाईचा मोह फार वाईट. टेपची सळसळ काढायला गेलं की तिच्याबरोबर झांजेचा शेवटचा झणकार जातो. टबी हेजच्या 'टबीज ग्रूव्ह' या तबकडीवर फिल सीमेन हा ढोलवादक वाजवतो. झांजेवर त्याची काडी पडते, आवाज पसरत पसरत विरतो, आणि त्या विरण्यावर तो पुढचा ठोका ठेवतो. ते विरणं कापलं तर त्याचं वादन समजतच नाही. मला सळसळ चालते.

हे काम संस्थाही करतात. ब्रिटिश लायब्ररीच्या ध्वनिसंग्रहाची मुळं १९५५ मधल्या एका स्वतंत्र संस्थेत आहेत, आणि इसेक्समध्ये लाउटनला १९८८ पासून राष्ट्रीय जॅझ अभिलेखागार आहे. तिथे मासिकं, छायाचित्रं, कार्यक्रमपत्रिका, पत्रं ठेवली आहेत. कुठल्या रात्री कोण वाजलं याचा पुरावा तबकडीच्या कव्हरवर क्वचितच मिळतो; तो अशा कागदांत मिळतो.

शेवटी एक विनंती, विशेषतः ज्यांचे नातेवाईक पन्नास-साठच्या दशकांत लंडनला गेले त्यांना. केशव साठे, अमान्सिओ डिसिल्व्हा यांच्या पिढीतल्या लोकांनी घरगुती मैफली टेप केल्या असतील, आणि ती रिळं अजून कुठल्यातरी माळ्यावर असतील. असं रीळ सापडलं तर उत्साहाने जुन्या यंत्रावर लावून बघू नका. पहिल्यांदा वाजताना ते तुटलं तर तेच शेवटचं. डबा टाकू नका, त्यावरचं हस्ताक्षर आणि तारीख महत्त्वाची असते. घरातल्या ज्येष्ठांना विचारून कोण वाजवत होतं, कुठे, कुणाच्या घरी, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहा, तो कागद डब्यात ठेवा, आणि रीळ टेपचं काम जाणणाऱ्या माणसाच्या हाती द्या.