माथ्यावरची लेकुरवाळी

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, संसारात रमलेली बाई. तरी आज एका दूरदेशीच्या लेकुरवाळीविषयी चार शब्द बोलते. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या उत्तरेस, डोंगरांवरच्या दाट पावसाळी रानात लेम्युरॉइड पॉसम राहतो. कांगारूच्या गोतातला, किलोभर वजनाचा. दिवसा झाडाच्या ढोलीत निजतो आणि रात्री फांदीवरून फांदीवर उड्या घेत पाला खातो. मादीला बहुधा एकच पिल्लू. आधी पोटाच्या पिशवीत, मग पाठीवर.

या जीवाला उकाडा सोसत नाही. पारा ३० अंशांवर काही तास राहिला, तरी जिवावर बेतते. २००५ च्या उष्णतेच्या लाटेनंतर माउंट लुइसवरचे पांढरे पॉसम दिसेनासे झाले. २००९ मध्ये मोजकेच पुन्हा आढळले. खालचे रान तापले तर वर सरकावे. पण ही तर आधीच माथ्यावर! पिल्लाला घेऊन तिने जावे कुठे?

भगिनींनो, उन्हाळ्यात रात्र रात्र जागून तान्ह्याला वारा घातलेल्या आपणांस तिची धास्ती मी का समजावून सांगायला हवी?